सोनकांबळे बाईंची सहावी चौकट

सोनकांबळे बाईंना कोणतीही गोष्ट सांगितली की त्या आधी विचारायच्या, "कोणी सांगितलं?" त्याचं उत्तर मिळालं की विचारायच्या, "अजून कोणी?" या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडं उत्तर नसायचं. मग बाई मान हलवायच्या आणि दुसरा विषय काढायच्या. समोरच्याला खोटं ठरवण्याचा त्यांचा हेतू नसायचा. गोष्ट अजून पक्की झाली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गावात पाठीमागं त्यांना 'दोन घरं' म्हणत. एकाच घरानं सांगितलेलं बाई धरत नाहीत, दोन घरांनी वेगवेगळं येऊन तेच सांगितलं तर धरतात, म्हणून हे नाव पडलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

आमचं गाव नांदेड-लातूरच्या मधलं, तालुक्याचं. बाई तिथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. सहावीत निसर्गचित्र काढायला सांगितलं तेव्हा मी सगळे काढतात तेच काढलं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी. बाईंनी वही हातात घेतली.

"हे डोंगर कुठले?"

मी वहीतल्या डोंगरांकडं बघितलं.

"आपल्या गावात डोंगर बघितलास कधी?"

"न्हाई, बाई."

"होडी?"

"न्हाई."

"मग हे तुला कोणी सांगितलं? जा, बाहेर जा. जे दिसतंय ते काढून आण."

मी बाहेर जाऊन सायकल स्टँड काढला. बाईंनी त्यावर काही शेरा लिहिला नाही, फक्त खांब मोजले आणि म्हणाल्या, "एक राहिलाय." मी पुढं पाटबंधारे खात्यात लागलो. आता विष्णुपुरीला असतो आणि शनिवार-रविवार गावी येतो. मोजमापं हेच माझं काम आहे. ते खूळ बाईंमुळं लागलं असं मी म्हणणार नाही, पण तो खांब मला अजून आठवतो.

बाई अंगानं किरकोळ होत्या. सुती साडी, पायात रबरी चप्पल, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलची पाण्याची बाटली. कोणाच्या घरी गेल्या तरी चहा घ्यायच्या, पोहे घ्यायच्या, पाणी मात्र बाटलीतलं प्यायच्या. माझ्या बायकोनं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बोअरचं पाणी मला सोसत नाही." आम्ही ते तसंच घेतलं.

निवृत्तीनंतर त्यांचं नाव पुन्हा गावभर झालं ते कचेरीच्या भिंतीमुळं. आमच्या गावात निजामाच्या काळातली दगडी कचेरी आहे. तिथं आधी तहसील होतं, खाली कोठडी होती. नंतर तहसील नव्या इमारतीत गेलं आणि कचेरी बरीच वर्षं कुलपात होती. आता तिथं वाचनालय आहे. वाचनालयाच्या समितीनं ठरवलं की आवाराच्या भिंतीवर या इमारतीचा इतिहास रंगवून घ्यायचा. नांदेडच्या एका पेंटरनं दर सांगितला आणि नमुना म्हणून मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यात कुठल्यातरी भलत्याच राजवाड्याचा घुमट होता. समितीचे अध्यक्ष वसंतराव कदम म्हणाले, "आपल्याकडं घुमट कुठाय? त्यापेक्षा आपल्या बाई काय वाईट हायेत?" हे त्यांचंच वाक्य होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

वसंतराव हे जुन्या शेतकरी घरातले. शेती बघायचे, सोसायटीत होते, बोलायला सरळ. बाई आणि ते साधारण एकाच वयाचे. भिंत मोजायचं काम माझ्याकडं आलं. शहाण्णव फूट लांब, सात फूट उंच. बारा-बारा फुटांच्या आठ चौकटी पाडल्या. मी कागदावर आखणी करून दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "ओव्हरसियर साहेब, आता तुमचं काम संपलं. माझं सुरू व्हायला वेळ लागेल."

वेळ लागला खरा. बाई पहिले काही महिने रंगाला हात लावेनात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन बसायच्या. पद्धत ठरलेली. समोरच्याला स्वतःहून काही सांगायचं नाही. "कचेरीत घोडा होता का हो?" असं त्या विचारायच्या नाहीत, कारण घोडा म्हटलं की समोरच्याला घोडा आठवतो. त्या विचारायच्या, "कचेरीच्या दारात काय काय असायचं?" मग माणूस बोलायचा. संपलं असं वाटलं की बाई थोडं थांबून म्हणायच्या, "अजून काही?" कधीकधी खरी गोष्ट त्यानंतर यायची.

चौथ्या चौकटीत एक पेच पडला. संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा कचेरीवर तिरंगा चढला, हे सगळ्यांनी सांगितलं. तो कोणी चढवला, यावर मात्र प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. प्रत्येकाचा आजोबा. एकानं आजोबांचा फोटोसुद्धा आणला. त्यात आजोबा खुर्चीवर बसले होते आणि झेंडा कुठंच नव्हता.

वसंतराव म्हणाले, "बाई, भांडणं लागतील बरं. कोणा एकाचं तोंड काढलं की बाकीचे समितीचे राजीनामे देतील."

"तोंड मी काढणारच नाही. झेंड्यावर सगळ्यांचं जमतंय. दोरीवर जमतंय. माणसावर जमत नाही."

मग त्यांनी झेंडा काढला, खाली ताणलेली दोरी काढली आणि दोरीवर नुसते हात. पुष्कळ हात, मनगटापर्यंत. काळे, गोरे, एक बांगडीचा, एक करंगळी नसलेला. चौकट पूर्ण झाल्यावर गाव बघायला लोटलं. फोटोवाले गृहस्थ एका हाताजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा आमच्या आजोबांचा. अंगठी बघा." बाई शिडीवरून म्हणाल्या, "असेल." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरच्यांनी तोच हात आपला म्हणून ओळखला. कोणीही राजीनामा दिला नाही.

अडचण आली ती सहाव्या चौकटीत.

समितीच्या बैठकीत बाईंनी सांगितलं की सहाव्या चौकटीत पाणी घ्यायचा विचार आहे. कचेरीच्या व्हरांड्यात रांजण असायचा. पक्षकार, वकील, शेतकरी सगळे त्यातलं पाणी प्यायचे. बाईंच्या आईच्या वडिलांची एका जमिनीच्या कामासाठी कचेरीत ये-जा होती. त्यांना आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांना रांजणाला हात लावता येत नव्हता. ते पायरीच्या खाली ओंजळ धरून उभे राहायचे आणि चपराशी वरून पाणी घालायचा. संस्थान गेलं, झेंडा चढला, त्यानंतरही काही वर्षं हे तसंच चालू होतं. आजोबांनी हे बाईंना लहानपणी सांगितलं होतं.

मग वसंतराव म्हणाले, "बाई, ते सगळीकडं होतं. एकट्या आपल्या कचेरीत न्हवतं."

"मी कचेरीचीच भिंत रंगवून राहिले ना, वसंतराव."

"आता पोरं सोबत जेवतात, सोबत फिरतात. जुनं उकरून काय मिळंल?"

"तिसऱ्या चौकटीत कोठडी काढली तेव्हा तुम्ही असं म्हणाला नाहीत. ती पण जुनीच होती."

"मग तुमच्याच नियमानं बोलतो," वसंतराव म्हणाले. "हे कोणी सांगितलं? तुमच्या आजोबांनी. अजून कोणी?"

दोन-तीन जण हसले. मी बाईंकडं बघितलं. त्यांना राग आला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. बाईंनी पिशवीतून बाटली काढली, एक घोट पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. एकच घर झालं. माझ्या वस्तीतले अजून सांगतील, पण त्यांचं-माझं घर एकच धरावं लागेल. दुसरं घर तुमच्या बाजूचं पाहिजे."

"आणि न्हाई मिळालं तर?"

"तर चौकट रिकामी राहील."

सगळ्यांनी हे मान्य केलं. मला वाटतं, वसंतरावांना खात्री होती की कोणी येणार नाही. तशी माझीही होती. अशा गोष्टी आमच्या गावात सगळ्यांना माहीत असतात, पण बोलणारा कोणी निघत नाही.

बाई सहावी चौकट सोडून सातवी आणि आठवी करून मोकळ्या झाल्या. सातवीत बंद कचेरीच्या छपरावर उगवलेला पिंपळ होता, आठवीत वाचनालयात पेपर वाचणारी माणसं. मधली बारा फुटं पांढरी. बाई दुपारी घराघरांत जायच्या, विचारायच्या, "कचेरीच्या व्हरांड्यात काय असायचं?" लोक बाक सांगायचे, पंखा ओढायची दोरी सांगायचे, रांजणही सांगायचे. "पाणी लई गार असायचं," असंही सांगायचे. "अजून काही?" म्हटलं की, "न्हाई, एवढंच."

उद्घाटनाची तारीख ठरली. पाहुणे लातूरहून येणार होते. पांढरी चौकट बरी दिसणार नाही म्हणून समितीनं तिच्यावर स्वागताचा फ्लेक्स लावला, अगदी मापात. माप माझ्याकडूनच घेतलं होतं. पाहुणे यायच्या आधी बाई आल्या, फ्लेक्सचे दोरे एकेक करून सोडले, फ्लेक्सची नीट गुंडाळी केली आणि आणून माझ्या हातात दिली. कोणाशी भांडल्या नाहीत.

पाहुणे भिंत बघत बघत सहाव्या चौकटीपाशी आले आणि थांबले. "हे राहिलंय वाटतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "एका घरानं सांगितलंय. दुसरं घर यायचंय."

पाहुण्यांना काही कळलं नाही. ते पुढं गेले. गावाला मात्र कळलं. इतर सात चौकटींची बोलणी आठवड्यात संपली. पांढऱ्या चौकटीची संपेनात. चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की कोणीतरी म्हणायचं, "काय ओ, तिथं काय येणार होतं म्हणे?" आणि दुसरा कोणीतरी आवाज खाली करून सांगायचा. म्हणजे रंगवलेल्यापेक्षा न रंगवलेलं जास्त लोकांनी वाचलं.

मग एका रविवारी सकाळी शेषाबाई आल्या. शेषाबाई म्हणजे वसंतरावांच्या आई. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कान चांगले, गुडघे गेलेले. नातवानं त्यांना मोटरसायकलवरून आणून सोडलं. मी वाचनालयात पेपर वाचत होतो. बाई बाहेर भिंतीचा खालचा, पावसाच्या चिखलानं डागाळलेला भाग पुसत होत्या. शेषाबाईंनी स्टूल मागितलं. ते मी नेऊन दिलं, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"बाई, तू घरोघर विचारून राहिलीस म्हणं. आमच्या घरी आली न्हाईस."

"वसंतरावांना अवघड झालं असतं, मावशी."

"वसंता तवा कुठं जन्मला व्हता. माझा सासरा कचेरीत चपराशी व्हता. त्याची भाकरी घिऊन मीच यायची, लग्न झाल्या झाल्या. विचार मला."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. "व्हरांड्यात काय असायचं, मावशी?"

"रांजण."

"आणि?"

"आन् पन्हळ. पत्र्याची. व्हरांड्याच्या खांबाला तारंनं बांधलेली. तुमची माणसं खाली पायरीपाशी हुबी ऱ्हायाची. सासरा वरून तांब्यानं पन्हळीत पाणी सोडायचा. ती पन्हळ मधी चेपलेली व्हती. निम्मं पाणी मधीच सांडायचं. मी एकदा म्हणलं, मामंजी, ती ठोकून सरळ करा की. तर म्हणले, चालतंय."

पन्हळीची गोष्ट बाईंनी बैठकीत सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीत ती होती, मधला चेपही होता, हे त्यांनी मला त्या दिवशी दुपारी सांगितलं. खरी साक्ष ओळखायला एक खूण आपल्याकडं राखून ठेवायची, ही त्यांची पद्धत मला तेव्हा कळली.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

शेषाबाई पांढऱ्या चौकटीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. एवढंच. फकत त्याचं तोंड काढू नगंस. वसंताला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

"नाही काढणार."

वसंतरावांनी त्यानंतर समितीची बैठक बोलावली नाही. बाईंनी त्यांची वाटही पाहिली नाही. पुढच्या काही दिवसांत चौकट भरली. वर रांजणाचा पोटाचा भाग, खांब, खांबाला बांधलेली चेपलेली पन्हळ. खाली ओंजळी. चौकटीच्या कडेतून आत आलेला एकच हात, तांब्या धरलेला, खाकी बाहीचा. मधल्या चेपापाशी सांडणारं पाणी बाईंनी इतकं नेमकं काढलं होतं की चिमण्या तिथं येऊन चोच मारायच्या, असं लोक सांगायचे. मी स्वतः ते बघितलेलं नाही.

वसंतराव एका संध्याकाळी येऊन उभे राहिले. बाई शिडीवर होत्या.

"बरं निघालंय," ते म्हणाले.

"तोंड नाही काढलं."

"बघितलं." मग जरा वेळानं, "गावाला म्हाईतच हाय, बाई. चपराशी काय दहा न्हवते." आणि निघून गेले.

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. बाईंच्या मुलीनं लातूरला घर घेतलं होतं आणि बाई तिच्याकडं राहायला जाणार होत्या. सामान बांधून झालं होतं. जायच्या आधी शेवटचा पारदर्शक थर मारायचा म्हणून त्या एका रविवारी सकाळी भिंतीपाशी आल्या. मी शिडी धरायला गेलो होतो. तेव्हा वसंतरावांची जीप आली. पुढं वसंतराव, मागं शेषाबाई.

शेषाबाईंनी रंगवलेली चौकट पहिल्यांदाच बघितली. नातवानं मोबाइलवर दाखवली होती, पण त्यात त्यांना नीट दिसलं नव्हतं. त्या काठी टेकत अगदी भिंतीजवळ गेल्या. ओंजळी बघितल्या, पन्हळ बघितली, तांब्याच्या हातापाशी थांबल्या.

"हात चुकलाय, बाई."

बाई शिडीवरून उतरल्या. "काय चुकलं, मावशी?"

"तू त्या दिवशी म्हणली व्हतीस, अजून काही? मी न्हाई म्हणलं. व्हतं." शेषाबाईंनी काठीचं टोक त्या हाताकडं केलं. "हा उजवा हात काढलास तू. सासरा तुमच्या माणसांना डाव्या हातानं पाणी घालायचा. उजवा असा पाठीमागं. उजव्या हातानं देवाचं करायचं म्हणून."

वसंतराव म्हणाले, "आई, एवढं कशाला सांगतीस? झालं की आता चित्र."

"खोटं झालंय नव्हं."

हे मलाही सुचलं नव्हतं. आमच्याकडं डाव्या हातानं कोणी कोणाला पाणी देत नाही. भिकाऱ्यालाही देत नाही. पाणी देणारा हात काढायचा म्हटल्यावर कोणीही उजवाच काढला असता. बाईंनीही काढला होता. इतकी वर्षं "कोणी सांगितलं?" म्हणून विचारणाऱ्या बाईंना तो हात उजवा असल्याचं कोणीच सांगितलं नव्हतं.

बाई चित्राजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आजोबांनी पन्हळ सांगितली. चेप सांगितला. हे नाही सांगितलं."

"मी बघितलंय," शेषाबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर अविश्वास नाही, मावशी. पण हे एकच घर झालं."

वसंतराव तोंड फिरवून जीपकडं बघायला लागले. मला वाटतं, ते हसू आवरत होते किंवा दुसरं काहीतरी आवरत होते. मी खात्रीनं सांगू शकत नाही.

बाईंचे एक मामा जळकोटला होते, नव्वदीला आलेले. लहानपणी ते बाईंच्या आजोबांबरोबर, म्हणजे आपल्या वडिलांबरोबर, कचेरीत यायचे. बाईंचे हात रंगाचे होते, म्हणून फोन मी लावला आणि आवाज मोठा करून धरला.

"मामा, कुसुम बोलतेय. कचेरीत तो पाणी घालणारा माणूस. तो कसा उभा राहायचा?"

"कसा म्हंजी?"

"तुम्हाला दिसायचा तसा सांगा."

पलीकडं मामांनी कोणालातरी दार लावायला सांगितलं.

"एक हात पाठीमागं," मामा म्हणाले. "उजवा. डाव्यानं घालायचा."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, मामा. आजोबापण नाही बोलले."

"बाबांनी सांगितलतं, घरी सांगायचं न्हाई म्हणून. तहान लागलती, पेलो. बाप समोर ओंजळ धरून हुबा आन् त्यो डाव्या हातानं घालून राहिला. पोरीबाळींना काय सांगायचं त्यात?" मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

तेव्हा मला कळलं की हा प्रश्न बाईंचा स्वतःचा नव्हता. त्या घरातूनच आला होता.

बाईंनी शेषाबाईंकडं बघितलं. "दुसऱ्या घरानं," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला. बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, बारीक ब्रश घेतला आणि तांब्यावरचा अंगठा आधी झाकला. चित्रात उजव्या आणि डाव्या हातात फार फरक नसतो. अंगठ्याची बाजू बदलते, बोटांचा उतार उलटा होतो, बाहीची घडी सरकते. वीत-दीड वीत जागेचं काम. थर वाळेपर्यंत त्या थांबल्या आणि मग नवा अंगठा काढला. शेषाबाई स्टुलावर बसून होत्या. वसंतराव दोनदा म्हणाले, "चला आई, ऊन होऊन राहिलं." त्या उठल्या नाहीत. मग वसंतरावच आले आणि त्यांच्यावर सावली पडेल असे उभे राहिले.

बाईंनी ब्रश फडक्याला पुसला, दोन पावलं मागं आल्या आणि शेषाबाईंच्या बाजूला उभ्या राहिल्या. दोघींनी मिळून तो हात बघितला.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

शेषाबाईंनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं. रांजण, पन्हळ, सांडलेलं पाणी, ओंजळी.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता न्हाई."